पाहणें आणि राहणें
मराठी प्रवासवर्णनांतील परक्या शहराचें प्रथमदर्शन

मराठींत प्रवासवर्णनांना तोटा नाहीं. आमच्या मुलुंडच्या ग्रंथालयांत या वर्गाचें एक स्वतंत्र कपाट आहे, आणि उन्हाळ्याच्या सुटींत तें बहुतेक रिकामें होतें. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क, टोकियो. कोणतेंहि मोठें शहर घ्या, त्याच्यावर मराठींत चार पानें तरी सांपडतातच. हीं पुस्तकें ओळीनें वाचीत गेलें असतां एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. लेखक निरनिराळे, काळ निरनिराळा, शहरें निरनिराळीं. पण पहिल्या दिवसाचें वर्णन मात्र पुष्कळदां एकाच साच्यांतून काढल्यासारखें. रस्ते स्वच्छ आहेत, वाहनें ओळीनें चाललीं आहेत, कोणी मोठ्यानें बोलत नाहीं, चहाचा एक पेला आपल्या रुपयांत केवढ्याला पडला याचा हिशेब होतो, आणि शेवटीं स्वदेशाविषयीं एक उसासा. प्रकरण संपतें आणि दुसऱ्या दिवसापासून राजवाडे व संग्रहालयें सुरू होतात.

प्रथमदर्शनासारखी खाजगी गोष्ट इतकी सार्वजनिक कशी झाली? उत्तर अवघड नाहीं. लंडनला उतरणाऱ्या मराठी मनुष्यानें लंडन पूर्वींच पाहिलेलें असतें. शाळेच्या क्रमिक पुस्तकांत, कादंबऱ्यांत, चित्रपटांत आणि आधीं जाऊन आलेल्यांच्या प्रवासवर्णनांत. विमानतळाबाहेर पाऊल पडतांच तो शहर पाहूं लागत नाहीं, आठवूं लागतो. जें आठवणीशीं जुळतें तें त्याला दिसतें. जें जुळत नाहीं तें दिसूनहि लिहिलें जात नाहीं. पहिला ठसा नेहमीं ताजा असतो, हा आपला समज म्हणूनच फारसा खरा नव्हे. पुष्कळदां तो उसना असतो. खरा पहिला ठसा महिन्या-दीड महिन्यानें, उसना पुसला गेल्यावर, उमटतो. आणि तोंवर पाहुणा प्रवासी घरीं परत आलेला असतो.

पाहणें आणि राहणें या दोन क्रियापदांत एकाच अक्षराचें अंतर आहे. पण परक्या शहराच्या संबंधांत तें अंतर समुद्राएवढें आहे, असें आम्हांला वाटतें. पाहणारा मनुष्य शहराकडे पाहतो. राहणाऱ्या मनुष्याकडे शहर पाहतें. पाहणाऱ्याला कोणी कांहीं विचारीत नाहीं, त्याचें तिकीट तेवढें तपासतात. राहणाऱ्याला घरमालकीण विचारते, शेजारी विचारतो, दुकानदार न बोलतां विचारतो: तूं कोण, येथें कशाला आलास, काय खातोस, भाडें वेळेवर देशील ना? त्या प्रश्नांना उत्तर देतां देतां जें शहर समजतें, तेंच त्याचें खरें दर्शन. या कसोटीवर आमचें प्रवासवाङ्मय घासून पाहिलें, तर त्यांतील मोठीं नांवें व धाकटीं नांवें यांचा क्रम थोडा बदलेल.

आरंभ करूं तो कल्याणच्या घराण्यांतील एका मुलीपासून. मुलुंडहून कल्याण कांहीं फार दूर नाहीं. एकाच लोहमार्गावरचीं हीं स्थानकें. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्यें कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हां त्यांचें वय १८ वर्षांचें होतें. निघण्यापूर्वीं श्रीरामपूर येथें त्यांनीं एक जाहीर भाषण केलें आणि आपण अमेरिकेस कां जातों हें सांगितलें. रस्त्यानें पतीबरोबर चालणाऱ्या किंवा हातांत पुस्तकें घेऊन शाळेस जाणाऱ्या स्त्रीकडे आपलेच लोक कसे पाहतात, हेंहि त्यांनीं त्यांत बोलून दाखविलें. ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. परकें शहर त्यांना फिलाडेल्फियाला प्रथम भेटलें नाहीं. तें त्यांना स्वदेशांतच भेटलें होतें. आपल्याकडे रोखून पाहणाऱ्या डोळ्यांमधून वाट काढण्याचा सराव करूनच त्या बोटीवर चढल्या.

अमेरिकेंत त्यांचें पहिलें घर म्हणजे न्यूजर्सींतील रोझेल येथील कार्पेंटरबाईंचें. या बाईंनीं केवळ पत्रांवरून ओळख झालेल्या मुलीला मायेनें ठेवून घेतलें. पुढें फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत जाऊन राहिल्यावर मात्र शहर खऱ्या अर्थानें सुरू झालें. खोलींत विस्तव पेटवावा तर धूर कोंडे, न पेटवावा तर गारठा. साडी सोडायची नाहीं हा निश्चय. पण त्या हवेंत अंग झांकेल अशा रीतीनें ती नेसावयाची कशी, हा प्रश्न. मांसाशन करावयाचें नाहीं. मग खावयाचें काय, हा दुसरा. आनंदीबाईंनीं प्रवासवर्णन असें लिहिलें नाहीं. काशीबाई कानिटकरांनीं त्यांचें चरित्र लिहिलें, आणि त्यांच्या पत्रव्यवहारांतून त्या शहराचें जें चित्र उभें राहतें, तें धूर, थंडी, वस्त्र आणि अन्न यांचें आहे. त्यांत एकहि प्रेक्षणीय स्थळ नसतें तरी बिघडलें नसतें. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना वैद्यकीय पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं २२ वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, पुण्यास त्यांचा अंत झाला. राहण्याची किंमत काय असूं शकते, हें यापेक्षां स्पष्ट कोणत्याहि ग्रंथांत लिहिलेलें नाहीं.

आनंदीबाई निघाल्या त्याच वर्षीं पंडिता रमाबाई आपल्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. त्यांच्या ‘इंग्लंडचा प्रवास’ या पुस्तिकेला मराठी प्रवासवाङ्मयांत मान आहे, आणि तो योग्यच आहे. पण तें पत्र मुख्यतः जाण्याच्या हेतूचें व समुद्रप्रवासाचें आहे. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठांत राहण्याचें नाहीं. त्या राहण्याचा इतिहास निराळा आणि दारुण आहे. त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत या सोबतिणीनें तेथें त्याच वर्षीं आत्महत्या केली. सप्टेंबरमध्यें रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें चेल्टनहॅमच्या महाविद्यालयांत असतां, त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावें कीं नाहीं यावरहि धर्माधिकाऱ्यांनीं वाद घातला. परक्या देशांतील पहिल्या वर्षांत एका मराठी स्त्रीचा धीर सुटला आणि दुसरीचा टिकला. पण त्यांपैकीं कांहींहि प्रवासवर्णन या सदरांत आलें नाहीं. आमच्या वाङ्मयप्रकारांच्या चौकटी कशा अपुऱ्या पडतात याचें हें उदाहरण. जें सर्वांत अधिक भोगलें, त्याला लिहावयास जागाच नव्हती.

आणि म्हणूनच त्यांच्या दुसऱ्या पुस्तकाचें मोल अधिक. १८८६ सालीं आनंदीबाईंच्या पदवीदानासाठीं म्हणून त्या अमेरिकेस गेल्या त्या दीर्घकाळ राहिल्या, आणि १८८९ सालीं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शीर्षकांतील शब्दांचा क्रम पाहण्यासारखा आहे: आधीं लोकस्थिति, मग प्रवासवृत्त. राज्यव्यवस्था, घरगुती राहणी, शिक्षण, धर्मादाय संस्था, स्त्रियांची स्थिति यांचा त्यांत विचार आहे. त्या देशाविषयीं रमाबाईंना अपार आदर होता. तरी गोऱ्यांनीं इतर वर्णांच्या लोकांशीं केलेलें वर्तन त्यांच्या नजरेंतून सुटलें नाहीं. हा समतोल कोठून आला? आमच्या मतें तो राहण्यांतून आला. त्या गांवोगांव व्याख्यानें देत होत्या, हजारों डोळे त्यांच्याकडे लागलेले होते. आपल्याकडे नवल म्हणून पाहणाऱ्या लोकांकडे उलट निर्भयपणें पाहण्याची शक्ति त्या व्यासपीठांवर त्यांना मिळाली असली पाहिजे. त्या व्याख्यानांतूनच १८८७ सालीं बोस्टनला त्यांच्या साहाय्यासाठीं संस्था उभी राहिली आणि १८८९ मध्यें मुंबईंत शारदासदन निघालें. परक्या शहराचा ठसा एका स्त्रीच्या मनावर उमटून तो स्वतःच्या शहरांत विटामातीनें उभा राहिला, असें दुसरें उदाहरण सहसा सांपडत नाहीं.

तिसरें नांव प्रवासवर्णनाच्या कपाटांत बहुधा सांपडणार नाहीं. तें आत्मचरित्रांच्या कपाटांत आहे. धर्मानंद कोसंबी यांचें ‘निवेदन’ १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. गोव्यांतील हा तरुण १८९९ च्या अखेरीस घर सोडून निघाला तो बुद्धाच्या धर्माच्या शोधांत. पुणें, मग उत्तरेकडे जाऊन काशी. तेथें अन्नछत्रांत जेवून संस्कृत शिकणें. मग नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश. नेपाळांत बौद्धधर्म जिवंत पाहावयास मिळेल अशी मोठी आशा धरून ते काठमांडूस गेले, आणि तेथील स्थिति पाहून निराश झाले. एखाद्या अलंकारप्रिय लेखकानें या निराशेचें एक करुणरम्य प्रकरण केलें असतें. कोसंबी तसें कांहीं करीत नाहींत. गेलों, पाहिलें, तें नव्हतें, परत फिरलों: एवढाच त्यांचा सूर. आशा चुकली ही गोष्ट नंतरच्या ज्ञानानें ते सावरून घेत नाहींत. चूक जशीच्या तशी पानावर ठेवतात. पुढें कोलंबोच्या विद्योदय विद्यालयांत सुमंगलाचार्यांपाशीं त्यांना जें हवें होतें तें गवसलें. पण तें मिळालें म्हणून काठमांडूची निराशा त्यांनीं पुसली नाहीं.

कोसंब्यांजवळ द्रव्य नव्हतें, हें विसरतां कामा नये. ज्याच्या खिशांत परतीचें तिकीट आहे त्याला शहर देखावा वाटतें. ज्याला आजचें जेवण कोठें हें ठाऊक नाहीं, त्याला शहर म्हणजे दारांची एक रांग. कोणतें उघडेल आणि कोणतें उघडणार नाहीं एवढेंच तो पाहतो. ‘निवेदना’ंत शहरांचीं वर्णनें थोडीं आणि दारांचे उल्लेख पुष्कळ आहेत. कोणीं आसरा दिला, कोणीं खर्चाला पैसे दिले, कोणीं शिकविलें, हें सांगणारा तो ग्रंथ आहे. त्याला कोणी प्रवासवर्णन म्हणत नाहीं. आम्हांला मात्र परक्या गांवीं राहण्याचें इतकें सरळ पुस्तक मराठींत दुसरें दिसत नाहीं.

आतां ज्यांच्यामुळें प्रवासवर्णन हा प्रकार मराठी घरांत लोकप्रिय झाला त्यांच्याकडे वळूं. अनंत काणेकरांचें ‘धुक्यांतून लाल ताऱ्याकडे’ १९४० चें. माहितीच्या ओझ्याखालीं वांकलेल्या या प्रकाराला त्यांनीं लघुनिबंधाची चाल दिली. हे उपकार लहान नाहींत. परंतु शीर्षकच पाहा. धुकें आणि तारा हीं दोन्ही चित्रें वाचकाच्या मनांत आधींपासून होतीं. शहर या दोन चित्रांना दुजोरा देणार असें वाचक गृहीत धरतो, आणि लेखकाला त्या अपेक्षेशीं झगडावें लागतें. काणेकरांची बुद्धि तिखट असल्यामुळें ते झगडतात. त्यांच्यामागून आलेल्यांना झगडण्याचें कारणच उरलें नाहीं.

पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ १९६० सालीं ग्रंथरूपानें आली. हें पुस्तक ज्या घरांत नाहीं असें सुशिक्षित मराठी घर दाखवा, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. दूरचित्रवाणीचें शिक्षण घेण्यासाठीं ते सपत्नीक विलायतेस गेले; म्हणजे चार दिवसांचे पाहुणे नव्हते, राहणारे होते. निघण्यापूर्वीं मिळणाऱ्या उपदेशांपासूनच त्यांचा विनोद सुरू होतो, आणि त्याचें लक्ष्य बहुतेक वेळां ते स्वतःच असतात. हें वैशिष्ट्य फार मोठें आहे. शहर आपल्याकडे पाहत आहे आणि त्याला आपण किंचित् हास्यास्पद दिसत आहों, याची जाणीव त्यांच्याइतकी कोणालाहि नव्हती. या दृष्टीनें ते आनंदीबाई व रमाबाई यांच्याच परंपरेंत बसतात. फक्त जेथें त्या दोघी ताठ उभ्या राहिल्या तेथें ते हसले.

पण हसण्यानें एक गोष्ट झांकली जाते. लाजिरवाणा प्रसंग विनोद होऊन पानावर आला म्हणजे त्याची टोंचणी जाते, आणि ती गेली म्हणूनच तो सांगतां येतो. पु. लं.च्या हातीं हें शस्त्र सुरक्षित होतें. हसतां हसतां मध्येंच गंभीर होण्याचें कौशल्य त्यांना होतें. त्यांच्या अनुकरण करणाऱ्यांनीं मात्र फक्त हसणें उचललें. गेल्या ६० वर्षांत परदेशीं गेलेला मराठी मनुष्य ‘अपूर्वाई’ मनांत घेऊनच उतरतो. त्याची पहिली फजिती घडण्याआधींच तिचा विनोद त्याच्यापाशीं तयार असतो. याचा दोष मूळ लेखकाला देणें अन्यायाचें होईल. परंतु एक चांगलें पुस्तक पुढील पुष्कळ पुस्तकांना आंधळें करूं शकतें, हें सांगणें टीकाकाराचें काम आहे.

येथें उपनगरांतील वाचकाला एक विशेष अधिकार आहे असें आम्हांला वाटतें. पु. लं.चें बालपण जोगेश्वरीस आणि पुढें पार्ल्यास गेलें. त्या काळीं हीं गांवें मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींत नव्हतीं. भांडुप-जोगेश्वरीपर्यंतचीं उपनगरें १९५० सालीं बृहन्मुंबईंत आलीं. बोरिवली, दहिसर आणि मुलुंड तर १९५७ सालीं. म्हणजे अंधेरीचा किंवा घाटकोपरचा मनुष्य गाडींत बसून मुंबईला जात असे. तो मुंबईंत राहत नसे. आजहि येथील वृद्ध मंडळी बोरीबंदरकडे निघालीं कीं ‘मुंबईला जातों’ असेंच म्हणतात. शहराच्या कडेवर राहून शहराकडे पाहणें, आणि शहरानें आपल्याला खेडवळ समजणें, हा अनुभव विलायतेच्या फार आधीं उपनगरवासीयाला घडलेला असतो. कोंकणांतून, देशावरून, गिरगांवांतून येऊन येथें बिऱ्हाड थाटलेल्या प्रत्येक घरांत एक प्रथमदर्शन आहे: पहिली रात्र, पहिला पाऊस, पाण्याच्या पहिल्या पाळीवरून झालेलें पहिलें भांडण. तें कोणीं लिहिलें नाहीं, कारण तें परदेश नव्हे असें आपण मानलें. वास्तविक राहण्याचें वाङ्मय तेथूनच सुरू व्हावयास हवें होतें.

हें सारें प्रस्तुत लेखकाला ग्रंथालयांत बसून सुचलें असतें तर बरें झालें असतें. तें घरांत सुचलें, आणि उशिरां सुचलें. आमची मुलगी शिक्षणासाठीं जर्मनींतील एका जुन्या शहरांत गेली. रोज रात्रीं दूरध्वनीवर तिचें तोंड दिसे. नदी, पूल, पहिलें बर्फ, दिव्यांनीं उजळलेला बाजार. तिनें पाठविलेलीं चित्रें आम्ही शेजाऱ्यांना कौतुकानें दाखविलीं. वर्षभरानें ती घरीं आली तेव्हां बोलतां बोलतां सहज म्हणाली कीं, पहिले तीन आठवडे वर्ग सोडला तर तिचें कोणाशींहि बोलणें झालें नव्हतें. आपला आवाज जातो कीं काय म्हणून ती खोलींत मोठ्यानें मराठी वाचीत असे. फोडणीच्या वासावरून घरमालकिणीनें दोनदां दार ठोठावलें, तेव्हांपासून तिनें फोडणी करणें सोडलें, आणि महिनाभर दूध-पावावर काढला.

“मग तूं सांगितलें कां नाहींस?” मी विचारलें.

“बाबा, तुम्ही रोज विचारायचात, ‘आज काय काय पाहिलंस?’ मग मी पाहिलेलं सांगायचे,” ती म्हणाली. “आई विचारायची, ‘जेवलीस का?’ तिला मी हो म्हणून खोटं सांगायचे. पण विचारायची ती एकटीच.”

चाळीस वर्षें प्रवासवर्णनें वाचून आम्ही एक प्रश्न विचारावयास शिकलों होतों, आणि तो चुकीचा होता. घरांतील ज्या व्यक्तीनें त्यांपैकीं एकहि पुस्तक पुरें केलें नव्हतें तिला बरोबर प्रश्न ठाऊक होता. वाङ्मय आपली जिज्ञासा घडवितें असें आपण अभिमानानें म्हणतों. तें ती बिघडवूंहि शकतें, हें कबूल केलें पाहिजे. चांगल्या पुस्तकांना मुलें घरचीं पत्रें लिहितांना अजाणतां गिरवितात, आणि आईबाप त्याच पुस्तकांच्या तोंडानें त्यांना प्रश्न करतात.

कोणी म्हणेल, प्रवाशानें आपलें दुःख कशाला उगाळावें? वाचक मनोरंजनासाठीं पुस्तक घेतो. यांत तथ्य आहे. आम्ही दुःखाची मागणी करीत नाहीं. मीना प्रभु यांनीं कित्येक वर्षें लंडनमध्यें राहून ‘माझं लंडन’ लिहिलें; त्यांतला ‘माझं’ हा शब्द राहण्यानें मिळविलेला आहे, आणि तें पुस्तक प्रसन्नहि आहे. आमचें मागणें इतकेंच कीं, लेखकानें शहर पाहिलें हें सांगतांना शहरानें त्याला कसें पाहिलें हेंहि सांगावें; आणि पहिल्या दिवशींची समजूत दहाव्या महिन्यांत चुकीची ठरली तर ती खोडून न टाकतां शेजारीं दुसरी लिहावी.

अशा लेखनाचा एक सांठा आजहि आपल्या आसपास आहे. गेल्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांपासून अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील कितीतरी घरांतून मुलें परदेशीं गेलीं. दूरध्वनि महाग होता, म्हणून पातळ निळ्या हवाई पत्रांवर बारीक अक्षरांत, घडीच्या कडेपर्यंत तीं लिहीत असत. तीं पत्रें अजून पुष्कळ कपाटांत आहेत. आतां त्या तिमजली-चारमजली इमारती पुनर्विकासासाठीं एकामागून एक पाडल्या जात आहेत. घर रिकामें करतांना भांडीं राहतात, फोटो राहतात, कागद रद्दींत जातात. आमच्याच इमारतींतील एका आजींनीं मागच्या वर्षीं मुलाचीं अशीं एक पिशवीभर पत्रें रद्दीवाल्याला देतांना आम्ही पाहिलीं, आणि संकोचानें मागून घेतलीं. पहिल्याच पत्रांत लंडनचा पूल होता. चवथ्यांत, शेवटच्या ओळींत, जागा संपत आल्यामुळें अगदीं बारीक अक्षरांत लिहिलें होतें कीं, येथें रविवारीं फार शांत असतें. त्या एका ओळीसाठीं तीं पत्रें जपून ठेवलीं पाहिजेत. ज्यांच्या घरीं अशीं पत्रें असतील त्यांनीं घर सोडण्यापूर्वीं तीं एकदां वाचावीं, आणि शक्य तर लिहिणाऱ्याला विचारून जवळच्या ग्रंथालयांत ठेवावीं. मराठी प्रवासवाङ्मयाचा पुढील इतिहासकार त्यांची वाट पाहील.